खाली नावाचा कॉलम

डेटा बदलणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, चालवायची म्हटलं की अजूनही माझे तळहात ओले होतात. आधी मी ज्या ओळी बदलणार त्या नुसत्या काढून बघते, किती आल्या ते मोजते, आकडा कागदावर लिहिते, बॅकअप घेते, घेतलेला बॅकअप उघडून बघते, आणि मग एंटरवर ठेवलेलं बोट एकदा उचलते. ऑफिसातली नवी मुलं हसतात. "मैडम पूजा में बैठी हैं, डिस्टर्ब मत करो," असं एकाला म्हणताना मी ऐकलंय. हसू देत. मी भित्री आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते, कुत्रं नुसतं माझ्याकडे बघत असलं तरी रस्ता बदलते. पण पडद्यावरच्या एका शब्दाला भ्यायला मी भोपाळमध्ये शिकले. तो शब्द पाच इंग्रजी अक्षरांचा होता आणि तो मीच लिहिला होता.

लग्न होऊन पुण्याहून भोपाळला आले तेव्हा नवरा एका सरकारी उपक्रमात इंजिनियर होता आणि आम्ही त्यांच्याच वसाहतीत राहत होतो. सारखी दिसणारी दुमजली क्वार्टर्स, सारखे पिवळे रंग, सारखी कडुनिंबाची झाडं. नवीन असताना मी दोनदा दुसऱ्याच्या घरात शिरले होते. वर्षभराने मला तिथल्याच कॉम्प्युटर सेक्शनमध्ये नोकरी लागली. बाहेर सगळी हिंदी, घरात मात्र आमची पुण्या-साताऱ्याची मराठी. बोलायला मी हिंदी शिकले, पण विचार मराठीतच करायची. प्रोग्रॅम लिहिताना तर पूर्णच मराठीत. हे त्या वेळी मला कौतुकाचं वाटायचं.

मग गावी, वाईजवळ, सासऱ्यांची फुप्फुसं आकसायला लागली. वाईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी मशीन लागेल, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकाशी देणारं. मशीन म्हणजे वीज, आणि गावात विजेचा भरवसा नव्हता. भोपाळ शहरातही नव्हता. वसाहतीच्या गेटबाहेर, इंद्रपुरीत, दिवसाचे चार चार तास लाइट जायची. पण आमच्या वसाहतीची लाइन वेगळी होती. आमच्याकडे लाइट जात नसे. नवऱ्याने तेवढ्यासाठीच आईबाबांना भोपाळला आणलं.

आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. बाबांना दवाखान्यात न्यायचं तर नवरा आणि शेजारचे एक गृहस्थ त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचे. बाबा ताठ मानेचे माणूस होते. खुर्चीत बसले की ते डोळे मिटून घेत, आणि खाली पोचल्याशिवाय उघडत नसत. आम्ही आजारपणाच्या कारणावरून तळमजल्यावरचं क्वार्टर मागितलं. अर्ज इस्टेट ऑफिसच्या रजिस्टरात गेला आणि तिथेच बसला. कारकून दर वेळी वेगळं रजिस्टर काढायचा. पाच महिन्यांनी क्वार्टर मिळालं, तेव्हा मी मनाशी म्हटलं की हे रजिस्टर मी एक दिवस मोडीत काढणार.

संधी लवकरच आली. साहेबांनी मला सगळ्या क्वार्टर्सचा डेटाबेस करायला सांगितलं. मी हौसेने बसले. त्यात मी माझ्या मनाचा एक कॉलम घातला. आजारी, अपंग, म्हातारं माणूस घरात असल्यामुळे ज्यांना खालचं क्वार्टर दिलंय, त्यांच्यासमोर येसचा 'वाय'. म्हणजे पुढे बदल्या झाल्या, अदलाबदली झाली, तरी त्यांना कुणी चुकूनसुद्धा वर पाठवणार नाही. त्या कॉलमला मी नाव दिलं, खाली. घरात दिवसभर तोच शब्द चालायचा. खाली मिळेल का, खाली कधी मिळणार, खाली मिळालं एकदाचं! जे क्वार्टर मोकळं असेल त्यासाठी वेगळा कॉलम होता, त्याचं नाव रिकामे. आता सांगायलाही लाज वाटते, पण शेजारी मी टीपसुद्धा लिहिली होती. प्रोग्रॅममध्ये पुढच्या माणसासाठी टीप लिहावी असं शिकवतात. माझी टीप रोमन लिपीतल्या मराठीत होती आणि तिचा अर्थ होता, "खाली असेल तर वाय."

टेबल तयार झाल्यावर ते चालतं का हे बघायला कुणीही जे करतो तेच मी केलं. पहिली ओळ स्वतःच्या घराची भरली.

त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेऊन बरीच माणसं वसाहत सोडून चालली होती. मोकळ्या क्वार्टर्समध्ये कोणीही घुसायचं, वीज वापरायचं. साहेबांच्या मनात होतं की रिकाम्या क्वार्टर्सची यादी करून त्यांची वीज तोडावी. हे सगळं मी भावाच्या लग्नाला पुण्याला गेले असताना ठरलं. माझ्या टेबलाशेजारी बसणारा सहकारी विदिशाकडचा, हुशार आणि उत्साही. त्याला नुकतंच वेबपेज करायचं वेड लागलं होतं. जाताना मी त्याला बजावलं होतं की लग्नघरात फोन करू नकोस, सगळं लिहून ठेवलंय.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना नमस्कार केला, त्यांनी नळी बाजूला करून विचारलं, "नवरी कशी आहे?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा उंच." ते हसले आणि हसताना खोकले. मशीन कोपऱ्यात घुर्रर करत होतं. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो ऐकूच यायचा नाही. नवरा पहाटेच्या पाळीला गेला होता. मी दहाला ऑफिसात पोचले.

सहकाऱ्याने मला खुर्चीवर बसूही दिलं नाही. "मैडम, आइए, एक चीज़ दिखाता हूँ।" पडद्यावर हिरव्या रंगाचं पान, वर सरकणारी अक्षरं, मधोमध एक बटण. "बस, क्लिक कीजिए।" मी क्लिक केलं. बटणाखाली क्वार्टर नंबरांची यादी आली. नुसते नंबर, नावं नाहीत.

पहिला नंबर आमचा होता.

मला आधी हसू आलं. वाटलं, टेस्टची ओळ काढायची राहिली. मग दुसरा नंबर वाचला. ते हृदयाचं ऑपरेशन झालेल्या फोरमनचं घर. तिसरं, ज्यांची मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते त्यांचं. मी यादी वाचत गेले. एकेक नंबर मला पाठ होता, कारण प्रत्येकासमोर 'वाय' मी माझ्या हाताने लिहिला होता.

"ही कसली यादी आहे?" मी मराठीतच विचारलं. मग सावरून, "ये कौनसी लिस्ट है?"

"खाली क्वार्टर की, मैडम। आपके टेबल से ही निकाली है। आपने इतना साफ़ कॉलम बना रखा था, दो मिनट का काम था।"

त्याने क्वेरी दाखवली. जिथे 'खाली' बरोबर 'वाय', ती सगळी घरं. मी म्हटलं, "अरे, रिकामे बघायचं ना! रिकामे!" तो गोंधळून म्हणाला, "वो तो मैंने रक़म समझा। सोचा आपसे स्पेलिंग गलत हो गई होगी, कोई डिपॉज़िट-विपॉज़िट होगा।"

मी त्याला खाली म्हणजे काय ते सांगायला लागले आणि मला ते नीट सांगताच येईना. नीचे, नीचे, मी म्हणत होते आणि बोटाने जमीन दाखवत होते. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"यादी कुठे आहे?"

"कल शाम को ही बिजली वालों को भेज दी, मैडम। वो लोग आज सुबह से काटने निकले होंगे।"

 माझ्या मनाचा एक भाग लगेच हिशेब करायला लागला. वसाहत मोठी आहे, घरं लांब लांब आहेत, लाइनमन दोघं, शिडी एक. आमच्यापर्यंत पोचायला दुपार होईल. मी त्याला विचारलं, "ऑर्डर बाय काय लावलंस? सेक्टर का नंबर?"

तो म्हणाला, "ऑर्डर बाय तो लगाया ही नहीं।"

क्रम सांगितला नाही तर डेटाबेस आपल्या सोयीने ओळी देतो, आणि बहुतेक वेळा ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने देतो. लाइनमनच्या हातातला कागद आमच्या घरापासून सुरू होत होता. माझ्या टेस्टच्या ओळीपासून.

घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. दर रिंगला मी मनात म्हणत होते, आता आई उचलतील, आता उचलतील. आईंना फोनची फार हौस, पहिल्या रिंगला धावायच्या. तरी कुणी उचलला नाही. परत लावला. वीज विभागाला लावला, तर तिथला माणूस म्हणाला की लाइनमन साडेनऊलाच निघून गेलेत आणि त्यांच्याकडे फोनबिन काही नसतो. नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये फोन लागेना.

"चलिए," सहकारी म्हणाला. त्याने स्कूटर काढली. ऑफिसपासून घर पंधरा मिनिटांवर. मे महिना, रस्ता पांढरा पडलेला, आणि त्या रस्त्यावर एकही माणूस नाही. आयुष्यात मी कधी स्कूटर जोरात चालवू दिली नव्हती. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर मुठी आपटत होते. बाबांजवळ एक छोटा सिलिंडर ठेवलेला असे, मशीन बिघडलं तर. पण तो खाटेपासून चार पावलांवर होता आणि त्याची चावी घट्ट होती. बाबांना चार पावलं जमायची नाहीत. आई जवळ असतील, त्या उघडतील, मी मनाला सांगत होते. मग फोन का उचलत नाहीत, असं मनच मला उलट विचारत होतं. मला फार भीती वाटत होती. त्या भीतीला दुसरं नाव नाही.

घराशी पोचलो. जिन्याखालच्या मीटरच्या फळीवर आमचा फ्यूज काढलेला होता, आणि तिथे तारेने वीज तोडल्याची एक नवी पट्टी बांधली होती. खिडक्या उन्हाच्या बंद, पडदे ओढलेले. दाराला बाहेरून कडी. आत कुणी राहत असेल असं कुणालाही वाटलं नसतं.

मशीनची घुर्रर नव्हती. त्याऐवजी आतून एक बारीक शिट्टी येत होती, थांबून थांबून. वीज गेल्यावर मशीन तसं ओरडतं हे आम्हाला पुस्तिकेत वाचून माहीत होतं. प्रत्यक्ष मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

कडी काढायला मला तीन प्रयत्न लागले. बाबा खाटेवर नव्हते. सिलिंडरच्या शेजारी जमिनीवर बसलेले होते, भिंतीला टेकून. एक हात चावीवर. चावी फिरली नव्हती. ओठ जांभळे आणि छाती भराभर वरखाली होत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत मला ओळख दिसेना. ते मी कधीच विसरणार नाही. मी पदर चावीभोवती गुंडाळला आणि सगळ्या अंगाने फिरवली. सुसकारा आला. नळी त्यांच्या नाकाशी धरली आणि मोठमोठ्याने आकडे मोजायला लागले, का कोण जाणे. शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. आणखी चाळीसएक आकड्यांनी त्यांचा आवाज आला.

"लाइट गेली का गं?"

"हो बाबा. येईल आता."

"इथे जात नाही म्हणाला होता तो."

मला रडू फुटलं. तेवढ्यात आई गच्चीवरून खाली आल्या, हातात कुरडयांचं रिकामं सूप. दारातच त्या थबकल्या. काय झालं हे कळायला त्यांना क्षणभर लागला आणि मग त्या मटकन खाली बसल्या. सहकारी दोघा लाइनमनपैकी एकाला शोधून घेऊन आला. पुढच्या गल्लीत तो फोरमनच्या घराचा फ्यूज काढायच्या बेतात होता. त्याने आमचा फ्यूज लावला. घुर्रर सुरू झाली. बाहेर जिन्याशी तो लाइनमन आईंशी काहीतरी बोलला, कागद दाखवत. मी बाबांपाशी होते, मला ऐकू आलं नाही. सहकारी आणि लाइनमन मग यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले. आमच्याशिवाय कुणाची वीज तुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. "गलती किसकी है?" मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. सहकारी म्हणाला, "सर, मेरी। मैंने पूछा नहीं।" त्याला लेखी समज मिळाली. बाहेर आल्यावर मी माफी मागितली तर तो म्हणाला, "छोड़िए मैडम, आपके घर में जो हुआ, उसके आगे एक काग़ज़ क्या चीज़ है।" त्याच्या चांगुलपणाने मला जास्तच लाज वाटली. मी साहेबांकडे परत जायला हवं होतं. गेले नाही. भित्री माणसं अशीच वागतात.

घरी तर मी काहीच सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, ऑफिसच्या यादीत घोळ झाला. कुणाचा, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हिला कसं कळलं देव जाणे. ऑफिसात बसल्या बसल्या हिच्या मनात काहीतरी आलं आणि धावत आली. ही नसती तर..." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहाचे कप उचलून आत निघून जायची. मला सारखी धास्ती वाटायची की कुणीतरी एक दिवस आईंना सांगेल. बाबांसमोर जेवण वाढतानाही मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची नाही. त्या दिवसानंतर ते एकटे राहायला घाबरत. कुणी उठून दुसऱ्या खोलीत गेलं तरी विचारत, "कुठे चाललीस?" ताठ मानेच्या माणसाला ती भीती माझ्यामुळे लागली, हे मला दिवसातून दहा वेळा आठवायचं.

बाबा पुढच्या थंडीत गेले. दुखण्यानेच गेले, दवाखान्यात, आम्ही सगळे जवळ असताना. डॉक्टर म्हणाले त्या मेच्या दिवसाचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांना दोनदा विचारलं होतं.

दिवस झाले, पाहुणे परतले. एका सकाळी मशीन द्यायला काढलं होतं आणि आई खाटेपाशी उभ्या होत्या. गादी गुंडाळलेली. घरात कसलाच आवाज नाही.

"खाट खाली झाली गं," त्या म्हणाल्या.

आईंच्या तोंडी हिंदी शब्द कधी यायचा नाही. भाजीवालीशीसुद्धा त्या मराठीला 'है' जोडून बोलायच्या. बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घालत होते. ह्यांचा डोळा लागला होता, मांजर शिरेल म्हणून कडी घातली होती. खालून त्या लाइटवाल्याने मान वर करून विचारलं, खाली है क्या? मला वाटलं, फ्यूजची फळी कुठे आहे विचारतोय. मी म्हटलं, हां हां, खाली, खाली. हाताने दाखवलंसुद्धा." त्यांनी तसाच हात करून दाखवला. "मीच सांगितलं गं त्याला. मीच तोडायला लावली लाइट. इतके महिने बोलले नाही. तू मला काय म्हणशील ह्याची भीती वाटायची."

मी त्यांचा हात धरला. 

"आई, तुमच्या आधी तो शब्द मी लिहिला होता," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कॉलम, यादी, पहिली ओळ, साहेबांपुढे न फुटलेला आवाज. 

"त्या लाइटवाल्याने मला कागद दाखवला होता," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणाला, बहूजी के ऑफिस का ही है. मला वाटलं, ह्यात तुझं काय असणार. तू तर धावत आलीस." मग बराच वेळ त्या गुंडाळलेल्या गादीवर हात फिरवत राहिल्या. "ह्यांना जिने चढायला लागू नयेत म्हणूनच लिहिलंस ना?"

"हो."

"मग तळमजला का नाही लिहिलंस गं?"

"टाइप करायला लांब होतं, आई."